जुन्या वाचनालयाची इमारत: मोजणी, चुना आणि कौलं (कामाच्या नोंदी)

तापीकाठच्या तालुक्याच्या गावातलं शंभरी ओलांडलेलं वाचनालय. ४२ फूट × २४ फुटांचं दालन, १६ फूट उंची, मागे दोन खोल्या, पुढे ८ फूट रुंद पडवी, मागच्या अर्ध्या भागावर माडी. भिंती विटांच्या, २२ इंच जाड. जोतं काळ्या दगडाचं, छप्पर सागाच्या कैच्यांवर (छपराच्या त्रिकोणी सांगाड्यांवर) मंगलोरी कौलांचं. भिंतींना लोणा (ओलीनं फुटणारे पांढरे क्षार), छपराला गळती, माडीला हादरा अशा तीन तक्रारी होत्या. खानदेशात अशी वाचनालयं बरीच आहेत आणि बहुतेकांची दुखणी हीच आहेत. दुसऱ्या गावात कुणी हे काम काढलं तर उपयोग व्हावा म्हणून या नोंदी.

१२ नोव्हेंबर. मोजणी

पहिल्या दिवशीची मापं फुकट गेली. प्लॅस्टिकची टेप ४० फुटांवर ताणली की लांबते. समोरासमोरच्या दोन भिंतींत २ इंचांचा फरक आला आणि दालन वाकडं आहे असं वाटलं. स्टीलच्या टेपनं पुन्हा मोजलं, फरक अर्ध्या इंचावर आला. एका कोपऱ्यात शून्य धरून खिडकी, खांब, दार सगळ्यांची मापं त्याच शून्यापासून घ्यावीत. तुकड्यातुकड्यानं मोजून बेरीज केली की चुकाही बेरजेत येतात. दोन्ही कर्ण मोजलेच पाहिजेत. कर्ण जुळले तरच गुण्यात, म्हणजे काटकोनात, आहे म्हणायचं.

ओळंबा लावला तेव्हा पश्चिमेची भिंत १६ फुटांत पाऊण इंच बाहेर निघाली. जुनी झीज की चालू हालचाल, ते एका मोजणीत कळत नाही. भेगांवर काचेच्या पट्ट्या प्लॅस्टर ऑफ पॅरिसनं चिकटवल्या, एकूण ८. प्रत्येकीवर तारीख घातली. पट्टी लावायच्या आधी भेगेच्या दोन्ही बाजूंचा रंग खरवडून वीट उघडी करावी लागते. नाहीतर भिंत हलते, रंग सुटतो आणि काच तशीच राहते.

२० नोव्हेंबर. पाटीवरचं साल

दारावरच्या दगडी पाटीवर ऑइल पेंटचे इतके थर होते की अक्षरं गोळे झाली होती. वाचनालयाच्या फलकावर स्थापना १८९६ लिहिलं आहे. तारेचा ब्रश लावायला मिस्त्रीला मनाई केली. पेंट सोडवणारं रसायन लावून, प्लॅस्टिकनं झाकून दोन तास ठेवलं आणि लाकडी पट्टीनं ओढलं. तीन फेऱ्या झाल्या. बेसॉल्ट कठीण असतो, पण अक्षरांच्या कडा तारेनं बोथट होतातच.

अक्षरं तरी दिवसा दिसेनात. रात्री बॅटरी पाटीला लावून आडवी धरली, सावल्या पडल्या आणि वाचता आलं: शके १८१८, दुर्मुखनाम संवत्सर, माघ शुद्ध ५.

इथं बहुतेक जण चुकतात. शकात ७८ मिळवून १८९६ काढलं की काम झालं असं समजतात. पण शक चैत्रात बदलतो, म्हणजे माघ येईपर्यंत इंग्रजी साल पुढं गेलेलं असतं. जानेवारी लागल्यापासून (साधारण पौषात) फाल्गुनअखेरपर्यंत ७९ मिळवायचे. म्हणून ही पाटी १८९७ च्या फेब्रुवारीतली आहे. संवत्सराच्या नावानं पडताळा घेता येतो. शकात १२ मिळवा, ६० नं भागा, बाकी उरेल तो संवत्सराचा क्रमांक. १८१८ + १२ = १८३०, बाकी ३०, आणि साठ संवत्सरांच्या चक्रात पहिल्या प्रभवापासून तिसावा दुर्मुख. जुळलं. बाकी वेगळी आली असती तर पाटी नंतर कुणीतरी चुकीच्या आठवणीवरून कोरली असं धरावं लागलं असतं.

फलक बदलायला वाचनालयाचं मंडळ तयार नाही, शतकोत्सव १९९६ ला झाला म्हणून. ठीक आहे. नोंदीत दोन्ही साल ठेवली.

२७ नोव्हेंबर. भागांची वयं

पाटी फक्त एका भागाचं वय सांगते. बाकीचं इमारतीच्या सुट्या भागांवरून काढलं.

माडीखालच्या लोखंडी तुळयांवर चुन्याचे थर होते. सुताराच्या पातळ पट्टीनं खरवडून, ओल्या फडक्यानं पुसून कोळशाचा ठसा घेतला. उठावदार अक्षरात ‘टाटा’. जमशेदपूरच्या कारखान्यात पोलाद १९१२ पासून निघायला लागलं, म्हणून माडी १८९७ ची असूच शकत नाही. मंडळातले सगळे तिला मूळ इमारतीचाच भाग समजत होते. विलायती तुळयांवर डॉर्मन लाँगसारख्या इंग्रज कंपन्यांची नावं असतात. ती पूर्वीपासूनच येत होती, तेव्हा त्यांच्यावरून एवढं नेमकं काही सांगता येत नाही.

कौलांच्या पाठीवर चार वेगळे शिक्के निघाले. बासेल मिशन या स्विस ख्रिस्ती संस्थेचे बरेच. मंगलोरला त्या मिशनचा कौलांचा कारखाना १८६५ मध्ये निघाला. पण कौलावरून छपराचं साल ठरवण्यात धोका आहे. कौल काढून दुसरीकडे घालता येतं. तुळई, कौल, विटा, कशावरचाही शिक्का ‘या सालानंतरचं’ इतकंच सांगतो, ‘या सालचं’ असं नाही. हे विसरून दोन दिवस एक चुकीचा निष्कर्ष आमच्या वहीत होता.

पुस्तकांवरचे रबरी शिक्केही कामाला आले. सर्वांत जुन्या पुस्तकांवर ‘नेटिव जनरल लायब्ररी’, मग मधल्या काळात ‘पूर्व खानदेश’, शेवटी ‘जिल्हा जळगाव’. खानदेश जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग १९०६ मध्ये झाले आणि महाराष्ट्र झाल्यावर १९६० मध्ये पूर्व खानदेशचा जळगाव जिल्हा झाला. कपाटाच्या आतल्या बाजूला रंगवलेला ‘पू. खा.’ दिसला की ते कपाट कुठल्या पन्नासेक वर्षांतलं हे लगेच कळतं. नंदुरबारकडच्या वाचनालयांना एक पायरी अधिक मिळेल. तो जिल्हा धुळ्यातून १९९८ मध्ये निघाला.

हे सगळं दुरुस्तीआधी का करायचं, तर टाटाच्या तुळयांची माडी जुन्या भिंतीवर नंतर चढवलेली निघाली. म्हणजे त्या भिंतीवर मूळ रचनेत नसलेला भार आहे. हादरा तिथूनच येत होता.

५ डिसेंबर. पुस्तकं हलवली

अंदाजे ६,००० पुस्तकं शेजारच्या शाळेच्या खोलीत. खोके वजनानं भरायचे, जागेनं नाही. एका खोक्यात १२ किलोच्या वर नको, नाहीतर तळ सुटतो. आमचे ९ खोके सुटले. कसर आणि वाळवी लागलेली ४० पुस्तकं वेगळी काढली, प्लॅस्टिकमध्ये हवाबंद करून डीप फ्रीझरमध्ये उणे २० अंशांवर दोन आठवडे ठेवली. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नये. पुस्तक खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय उघडलं की पानांवर दव साचतं.

१५ डिसेंबर. सिमेंटचा गिलावा

खालच्या ५ फुटांपर्यंत भिंत ओली, वर कोरडी. या ५ फुटांवर पूर्वी कधीतरी सिमेंटचा गिलावा झाला होता आणि वरून ऑइल पेंट. वाजवून पाहिलं तर सगळीकडे पोकळ. काढल्यावर मागच्या विटांचं पीठ हातात आलं.

कारण साधं आहे. पायातून वर चढणारं पाणी पूर्वी चुन्याच्या गिलाव्यातून उडून जात होतं. सिमेंट आणि पेंटनं ती वाट बंद केली, पाणी वीटभर आत अडलं आणि त्यात विरघळलेले क्षार विटेतच स्फटिक होऊन तिला फोडत राहिले. लोण्यावर उपाय म्हणून लावलेलं सिमेंटच लोणा वाढवत होतं. मिस्त्री अहिराणीत एवढंच म्हणाले, ‘पाणी आठे मुरस, फुटस तठे.’ म्हणजे पाणी इथं मुरतं, फुटतं तिथं.

ब्रेकर वापरला नाही. पहिल्याच दिवशी एक मजूर भाड्याचा घेऊन आला होता, तो परत पाठवला. हादऱ्यानं वरच्या चुन्याच्या दरजा (विटांमधले सांधे) सुटतात. छोटी छन्नी आणि हलका हातोडा, ६ ब्रास (ब्रास म्हणजे १०० चौरस फूट) भिंतीला दोन माणसं ११ दिवस. आम्ही ४ धरले होते. विटेला घट्ट चिकटलेलं सिमेंट ओढायला जाऊ नये, विटेचा चेहरा त्याच्यासोबत निघतो. असे तुकडे तसेच ठेवून कडेनं कापले.

क्षार काढायला कागदाचा लगदा साध्या पाण्यात भिजवून भिंतीला थापला, वाळल्यावर सोलला. दोन फेऱ्या. दुसऱ्या फेरीतही लगद्यावर पांढरं आलं, तेव्हा तिसरी केली.

४ जानेवारी. पाणी कुठून येतं

बाहेरचा रस्ता दर डांबरीकरणाला उंच होत गेला आहे. जोतं मुळात ३ फुटांचं, आता जमिनीवर १ फूट दिसतं. उरलेलं २ फूट मातीत. भिंतीलगत सिमेंटची पट्टी असल्यानं मातीतलं पाणी उडत नाही, पायाकडे सरकतं.

उपाय म्हणून भिंतीपासून दीड फूट सोडून चर, २ फूट खोल, तळाशी ४ इंची छिद्रांचा पाइप, वर खडी. उतार १०० ला १, म्हणजे ४२ फुटांत ५ इंच. पाइपाचं तोंड नगरपालिकेच्या गटारात सोडण्याआधी गटाराची पातळी मोजली. ती पाइपाच्या तळापेक्षा ३ इंच वर निघाली. उतार उलट झाला असता. तोंड १८ फूट पुढच्या खोल भागात नेलं. त्यासाठी ७,२०० रुपये अधिक आणि ६ दिवस.

१६ जानेवारी. चूक

चर एकदम २० फूट खोदला. इथली माती काळी आहे, हे माहीत असून. काळी माती ओलाव्यानं फुगते, वाळली की आकसते. उघडा चर चार दिवस उन्हात राहिला, कडेची माती भेगाळली आणि ईशान्य कोपऱ्यावरची काचेची पट्टी फुटली. वाढ केसाएवढीच, पण पट्टी नसती तर कळलीच नसती.

काम थांबवलं, १० फूट परत भरून दाबलं. पुढे ५-५ फुटांचे तुकडे, एक सोडून एक. तुकडा खोदला की त्याच दिवशी पाइप आणि खडी. ८ दिवस वाया. नवीन लावलेली काच आजपर्यंत शाबूत आहे.

२५ जानेवारी. चुना

४०० किलो कळीचा चुना मागवला. पहिल्या १० पोत्यांतला निम्मा मेलेला निघाला. पोती उघड्यावर राहिली की चुना हवेतली ओल घेऊन पीठ होतो, त्यात बांधण्याची ताकद राहत नाही. गोण्या उतरवण्याआधी एक कळी बादलीत टाकून पाहावी. काही मिनिटांत फुसफुसून फुटली पाहिजे. नुसतीच बुडून राहिली तर गाडी परत.

चुना पाण्यात टाकायचा, चुन्यावर पाणी ओतायचं नाही. उकळी येते, उडतो. चष्मा आणि हातमोजे सक्तीचे. गाळून टाकीत पाण्याखाली ठेवला. निदान तीन आठवडे हवे, आम्हाला १८ दिवस मिळाले. उरलेले तीन दिवस भरले असते तर गिलाव्यात पुढे आलेले तीन-चार फोड आले नसते. न मुरलेला कण भिंतीत गेल्यावर फुगतो.

प्रमाण १ भाग चुना, १ सुरखी (दळलेली वीट), १ वाळू. सुरखीत पैसे गेले ते असे. वीटभट्टीवरून चुरा स्वस्तात मिळाला, काळपट, जास्त भाजलेल्या विटांचा. त्याचा गिलावा दहा दिवसांनंतरही नखानं उकरत होता. सुरखी चुन्याशी धरते ती कमी भाजलेल्या, तांबड्या, नरम विटेची. तशा विटा स्वतः निवडून दळून आणल्या. आधीचा १ ब्रास गिलावा काढून टाकला.

१८ फेब्रुवारी ते १० मार्च. गिलावा

दोन थर, पहिला अर्धा इंच, दुसरा पाव. पहिल्यावर खरखरीत रेघा ओढल्या. भिंत आदल्या संध्याकाळी आणि सकाळी भिजवायची, कोरडी वीट चुन्यातलं पाणी ओढून घेते.

उत्तर आणि पूर्व भिंत छान झाली. पश्चिमेची मार्चच्या पहिल्या आठवड्यात झाली आणि केसासारख्या भेगा पडल्या. दुपारच्या उन्हानं ती भिंत तापत होती. चुना उन्हानं वाळला म्हणजे पक्का झाला असं नाही. तो हवेतल्या कार्बन डायऑक्साइडनं हळूहळू घट्ट होतो आणि त्यासाठी त्याला ओल लागते. ओलं गोणपाट १० दिवस लावून ठेवायचं, खिडक्या झाकायच्या. आमची गोणपाटं दुपारी सुकत होती, कोणी पाहत नव्हतं. खानदेशात हे काम डिसेंबर-जानेवारीतच उरकावं. आमचे चरात गेलेले ८ आणि चुन्यात गेलेले दिवस इथं भोवले.

भेगांवर चुन्याचं पातळ पाणी ब्रशनं तीनदा. बहुतेक मिटल्या.

वर ऑइल पेंट नाही, डिस्टेंपरही नाही. चुनाच. कपडे पांढरे होतात अशी वाचकांची तक्रार येणार, म्हणून बाकांच्या उंचीवर भिंतीपासून दोन इंच सोडून लाकडी पट्टी बसवली. मागे हवा खेळती राहते.

१८ मार्च. कैच्या

एकूण ५ कैच्या, ७ फुटांवर एक. दोघींची टोकं भिंतीत १४ इंच कुजलेली, दोन्ही मागच्या बाजूची, दोन छपरांच्या मिळणीतल्या पत्र्याच्या पन्हळीखालची. पन्हळ गंजून जिथं फुटली बरोबर तिथंच. टोकणी मारून पाहिल्याशिवाय कळत नाही. वरून रंगानं लाकूड सणसणीत दिसत होतं.

आधी धिरे (आधाराचे टेकू), मग करवत. खालची तुळई ताणाखाली असते, तेव्हा नुसता खाप जोड (दोन तिरके काप एकमेकांवर बसवून केलेला) पुरत नाही. अडीच फूट कापलं, जुन्या वाड्याच्या सागाचा तुकडा लावला, २ फूट लांबीचा तिरका खाप, दोन्ही बाजूंना ८ मिमी लोखंडी पट्ट्या, जोडाला १६ मिमीचे ४ बोल्ट. नवं टोक भिंतीत बसवताना चहूबाजूंनी अर्धा इंच मोकळं ठेवलं. जुन्या मिस्त्र्यांनी इतर तीन कैच्यांना हेच केलं होतं, म्हणून त्या कोरड्या राहिल्या. या दोघींची पोकळी नंतर कुणीतरी सिमेंटनं भरली होती.

जुन्या लाकडात खिळे असतात. सॉ मिलवाल्यानं पाहूनच नकार दिला. चुंबक फिरवून ३१ खिळे काढले तेव्हा तुकडा कापून मिळाला.

२ एप्रिल. कौलं

दालन १४ ब्रास, पडवी ४ ब्रास. ब्रासला १४० धरून सुमारे २,५०० कौलं. जुनी उतरवून, वाजवून, वेगळी केली. खणखणीत वाजणारी १,९३० उरली. बद्द वाजणाऱ्यात बारीक चीर असते, डोळ्याला दिसत नाही.

नवी ४०० घेतली, नगाला २४ रुपये. एकही जुन्यात बसेना. सगळी मंगलोरी म्हणून विकली जातात, पण प्रत्येक कारखान्याची खाच काही मिलिमीटरनं वेगळी. दोन-तीन ओळींत फरक साठतो आणि कौल उचलतं. शेवटी सगळी चांगली जुनी कौलं दालनावर नेली, कमी पडलेली पन्नासेक एका पाडलेल्या वाड्यातून आणली. पडवी पूर्ण नव्याची केली आणि १७० आणखी मागवली. नव्या कौलाला रिपांचं (कौलांखालच्या लाकडी पट्ट्यांचं) अंतर साडेबारा इंच लागतं, जुन्याला बारा. पडवीच्या रिपा उपटून पुन्हा ठोकल्या. कौल हातात येण्याआधी रीप ठोकू नये.

मिळणीतली पन्हळ ९ इंचांची होती, १५ इंचांची केली. इथला पाऊस वर्षाकाठी फार नसतो, पण पडतो तेव्हा तासाभरात पडतो.

२० एप्रिल. झरोके

भिंतीत छताखाली १२ झरोके होते, पैकी ९ विटांनी बुजवलेले, कबुतरांसाठी. उघडून गॅल्व्हनाइज्ड जाळी बसवली. दुपारी दोनला पंखा बंद ठेवून दालनात मापलं, उघडण्याआधीपेक्षा ३ अंश कमी. बाहेर ४३ होते दोन्ही दिवशी. १६ फूट उंचीचा उपयोग वर कोंडलेली हवा बाहेर जाते तेव्हाच होतो.

दारांचा पेंट काढताना कोरडं घासू नये, आगीनं जाळू नये. जुन्या रंगात शिसं असतं. रसायन आणि खरवडणी, कचरा पिशवीत.

१९ जून

पहिला मोठा पाऊस, पाऊण तास. दालन कोरडं. पडवीत एक जागा टिपकली, आढ्याच्या कौलाखालचा चुना सुटला होता. दुसऱ्या दिवशी भरला. चराच्या पाइपातून पाणी वाहत होतं, गढूळ, मग स्वच्छ.

पश्चिमेच्या भिंतीवर खाली दोन जागी पुन्हा पांढरं फुटलं आहे. चुना खरवडून नवा लावायचा, दर दोन-तीन वर्षांनी. त्यासाठी टाकीत दोन घमेली मुरलेला चुना पाण्याखाली ठेवला आहे. झाकणावर तारीख आणि ‘पाणी आटू देऊ नये’ असं लिहिलं आहे.

माडीचा हादरा बाकी आहे. तुळयांखाली दोन लोखंडी खांब द्यायचे ठरले, पण त्यांचा पाया काळ्या मातीत किती खोल न्यायचा ते स्ट्रक्चरल इंजिनिअर पावसाळ्यानंतर खड्डा घेऊन सांगतील. तोवर माडीवर कपाटं नेलेली नाहीत, नुसते बाक.

आतापर्यंतचा खर्च ६ लाख ४० हजार. त्यातले अंदाजे ५५ हजार चुकांचे: काढून टाकलेला गिलावा, मेलेला चुना, पाइपाची वाढीव लांबी, परत भरलेला चर.